चार रॅपर, एक अल्बम: ‘द फर्म’कडून बेळगावच्या गटांनी काय घ्यावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं चौघांचा रॅप गट जमला की त्यात मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषा सहज येतात. अशा गटांनी ‘द फर्म’ या अमेरिकन रॅप गटाचा ‘द अल्बम’ एकदा वही-पेन घेऊन ऐकावा. नाझ, एझी, फॉक्सी ब्राउन आणि नेचर हे चार रॅपर, बीटसाठी, म्हणजे मागच्या संगीतासाठी, डॉ. ड्रे आणि ट्रॅकमास्टर्स हे निर्माते. २१ ऑक्टोबर १९९७ ला अल्बम आला आणि थेट बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत पहिल्या नंबरला गेला. समीक्षक मात्र थंडच राहिले. एवढी मोठी नावं असताना अल्बम एवढाच कसा, हा सूर तेव्हापासून आजवर आहे.

याचं मूळ १९९६ मध्ये आहे. नाझच्या ‘इट वॉज रिटन’ अल्बममधल्या ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ गाण्यानं अपेक्षा वाढवून ठेवली होती. त्यात चौथा रॅपर कॉर्मेगा होता. कराराच्या वादात तो बाहेर पडला आणि नेचर आला. नेचर कच्चा नाही, पण लोक ज्या चौकडीसाठी थांबले होते ती फुटली. दुसरं कारण आवाजाचं. एकीकडं ड्रेचे गडद, मोकळे बीट. दुसरीकडं ट्रॅकमास्टर्सचा रेडिओवर चालणारा गुळगुळीतपणा. ‘फर्म बिझ’ हे गाणं टीना मरीच्या १९८१ च्या ‘स्क्वेअर बिझ’वर उभं आहे, त्याचा हुक, म्हणजे परत परत येणारा भाग, डॉन रॉबिन्सनचा. गाणं वाईट नाही, पण अल्बमभर चालणारी माफियाची गोष्ट तिथं तुटते.

‘फोन टॅप’ मात्र अव्वल. बीटमध्ये पेट्रू ग्वेल्फुची या कॉर्सिकन गायकाच्या गाण्याचा तुकडा, आणि त्यावर नाझ-एझी फोनवर बोलतायत. इथं प्रत्येक आवाजाला काम दिलंय, म्हणून गाणं टिकलं. हा फोनचा आवाज घरच्या लॅपटॉपवरही होतो. व्हर्सच्या, म्हणजे रॅपच्या कडव्याच्या, ट्रॅकवर इक्वलायझर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) लावून ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापा, थोडं डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) द्या, ट्रॅक मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, ठेवा. मग दोन अडचणी येतात. आवाज बीटमध्ये बुडतो, कारण आता तो मधल्या पट्ट्यातच उरलाय. तेव्हा बीटमधल्या तंतुवाद्याला १ ते ३ किलोहर्ट्झदरम्यान दोन-तीन डेसिबल खाली आणा. दुसरं, ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक पुसट होतो. ज्या ओळीचा अर्थ ‘स’वर लटकलाय ती हुकमध्ये, साध्या आवाजात ठेवा.

आता लांबी. चार ठोक्यांचा एक बार. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगाला, १६ बार म्हणजे जवळपास ४३ सेकंद. चौघांचे १६-१६ घेतले तर नुसत्या व्हर्स २ मिनिटं ५१ सेकंद, वर आठ बारचा हुक तीनदा म्हणजे आणखी ६४ सेकंद. चौथ्याची पाळी येईतो ऐकणारा पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. १२-१२ बार, हुक दोनदा आणि चार बारची सुरुवात घ्या. गाणं जवळपास तीन मिनिटांत बसतं. सगळ्यात जड आवाज शेवटी ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

रेकॉर्डिंग चार घरांत होणार असेल तर आधी ठरवा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल, आणि प्रत्येकानं बीटच्या पहिल्या सेकंदापासून एक्स्पोर्ट करायचं, आपली व्हर्स कुठंही असो. नाहीतर मिक्स करणारा हातानं जुळवत बसतो आणि फ्लो, म्हणजे शब्दांची ठोक्यावरची लय, सरकतो. एकानं ४४.१ वर पाठवलं आणि सॉफ्टवेअरनं रेट बदलून घेतला नाही, तर त्याचा आवाज चढा आणि भरभर वाजतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नको. लेव्हलची शिखरं उणे १० ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

वडगाव-खासबागेत शेजारी माग चालू असेल तर तो खडखडाट इक्वलायझरनं जात नाही, कारण तो आवाजाच्याच पट्ट्यात पसरलेला असतो. माग बंद असताना टेक घ्या. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात तेच. बोलणाऱ्याच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळ टांगा. माइक बोलणाऱ्याच्या मागच्या भिंतीचा घुमाराच पकडतो, त्याच्या पुढं टांगून फारसा फरक पडत नाही.

कॉर्मेगाचं पुढं काय झालं? त्याचं आणि नाझचं बरीच वर्षं बिनसलेलं होतं. २०२० मध्ये नाझच्या ‘किंग्ज डिसीज’वरच्या ‘फुल सर्कल’मध्ये नाझ, एझी, फॉक्सी आणि कॉर्मेगा परत एकत्र आले, आणि त्या अल्बमला २०२१ चं सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. मूळ चौकडीचा तो ताळमेळ ऐकला की १९९७ मध्ये काय हुकलं ते कळतं. म्हणून पहिल्या टेकआधीच कागदावर लिहा: शब्दांचा वाटा कुणाचा किती, बीटवाल्याचा किती, आणि कुणी मध्येच गट सोडला तर त्याची व्हर्स राहणार की जाणार. चौघांच्या सह्या घ्या, फोटो ग्रुपवर टाका, मगच माइक लावा.