दक्षिण गोंदरच्या चर्चभोवतालच्या राया

इथिओपियात बहिर दार शहरातून देब्रे ताबोरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना टेफ (तिथलं बारीक दाण्याचं धान्य) आणि सातूची शेतं, मोठं झाड शोधून सापडत नाही. मग एखाद्या टेकाडावर गर्द हिरवा गोल ठिपका दिसतो. आत चर्च आहे हे खुशाल समजावं. आपल्या देवराईची आठवण होतेच. इथे राई राखतात ते इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चचे पाद्री आणि आजूबाजूचे शेतकरी.

राईच्या पोटात गोल चर्च, आत एकात एक तीन भाग. सगळ्यात आतल्या मक्दसमध्ये, म्हणजे गाभाऱ्यात, ताबोत ही पवित्र पाटी असते, तिथे फक्त पाद्री जातात. झाडं ही चर्चची वस्त्रं, असं इथे मानतात. चर्चभोवती झिग्बा, तिद (जुनिपर), वोइरा (रानटी ऑलिव्ह), वान्झा उभे. अलेमायेहू वासी या वनशास्त्रज्ञांनी दक्षिण गोंदरमधल्या अशा 28 राया तपासल्या, तेव्हा झाडाझुडपांच्या 168 जाती सापडल्या.

पण इथे आल्यावर मान वर करून शेंडे बघत बसू नका, खाली बघा. काही रायांत म्हातारी झाडं दिमाखात उभी आणि त्यांच्याखाली जमीन झाडून काढल्यासारखी: घट्ट तुडवलेली माती, खुरांचे ठसे, शेणाच्या पोवट्या, बोटभर उंचीचं एकही रोप नाही. कुऱ्हाड न लागताही राई मरते ती अशी. गुरं रोपं खातात, आणि मातीही इतकी दाबतात की नवं बी रुजत नाही. वरकडी अशी की यातल्या बहुतेक झाडांचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहत नाही. म्हणजे बी देणारं शेवटचं झाड पडलं की ती जात तिथून संपलीच, नंतर कितीही पाऊस पडो.

यावर उपाय साधा आहे, दगडी गडगा. चुना-सिमेंट काही नाही. शेतात नांगराला आडवे येणारे दगड शेतकरी उचलून आणतात, म्हणजे रान मोकळं होतं आणि भिंतही उभी राहते. पायाला मोठे दगड, वर निमुळती होत जाणारी रचना, मधल्या फटींत चिपा. जून ते सप्टेंबरच्या पावसाचं पाणी फटींतून निघून जातं, त्यामुळे भिंतीवर दाब येत नाही.

खरी मेख आहे भिंत कुठे घालायची यात. शेवटच्या झाडाच्या बुंध्याला लागून घातली तर राई आहे तेवढीच राहते, वाढायला जागाच उरत नाही. 5 हेक्टरची गोल राई धरा: घेर साधारण 790 मीटर. भिंत सगळीकडून 10 मीटर बाहेर सरकवली तर लांबी वाढते जेमतेम 63 मीटर, आणि आत येते सुमारे 0.8 हेक्टर, म्हणजे दोन एकर जमीन. इतका स्वस्त सौदा दुसरा नसेल. शिवाय कडेचा भाग उन्हावाऱ्याने सुकतो. हा सुकणारा पट्टा 25 मीटरचा धरला तर 5 हेक्टरच्या राईचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग त्यात जातो, 2 हेक्टरच्या राईचा निम्म्याहून अधिक. लहान राईला म्हणूनच भिंत आधी हवी.

आणखी एक गोष्ट खटकते ती निलगिरी. इथे तिला ‘बहर झाफ’ म्हणतात, समुद्रापलीकडचं झाड. सम्राट मेनेलिक दुसऱ्याच्या काळात ती देशात आली. भराभर वाढते, वासे विकून चर्चला पैसा मिळतो, तेव्हा लावणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण राईच्या बाहेर लावली तर सरपणाचा ताण कमी होतो. आत घुसवली तर तिच्याखाली देशी रोपं फारशी धरत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी: पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात जावं. चर्चमध्ये शिरताना पादत्राणं बाहेर, बायकांनी डोकं झाकावं. दक्षिण गोंदर ज्यात येतं त्या अम्हारा भागात 2023 पासून सशस्त्र संघर्ष सुरू झाला, त्यामुळे रस्त्याची ताजी खबर घेतल्याशिवाय निघू नये. आणि राईत शिरल्यावर फाटक मागे लोटून घ्या. गुरं त्याचीच वाट बघत असतात.