कुत्र्याच्या पट्ट्याला राणीची अंगठी

ब्रिटिश म्युझियमच्या ४१ नंबरच्या दालनात सगळी गर्दी सटन हू इथल्या दफनात मिळालेल्या अँग्लो-सॅक्सन शिरस्त्राणापुढे. एका बापलेकीच्या अंगठ्यांकडे कुणी फिरकत नाही, याचा मला राग येतो. शुक्रवारी दालनं रात्री साडेआठपर्यंत उघडी असतात, तेव्हा जा. फोटोसाठी फ्लॅश बंद आणि फोन काचेला अगदी टेकवलेला, नाहीतर दिव्यांचं प्रतिबिंबच येतं.

बाप म्हणजे नवव्या शतकातला वेसेक्सचा, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन राज्याचा, राजा एथेलवुल्फ. त्याची अंगठी १७८० मध्ये सॉल्झबरीजवळ लेव्हरस्टॉकला, गाडीच्या चाकोरीत मिळाली. वेसेक्सच्या राजाची वस्तू वेसेक्समध्येच, तेव्हा फारसं कोडं नाही.

लेक एथेलस्विथ, मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याची राणी. तिची अंगठी १८७० मध्ये यॉर्कशायरमध्ये ॲबरफर्डजवळ नांगरताना वर आली. ज्याला मिळाली त्याने ती कुत्र्याच्या पट्ट्याला अडकवली होती, असं सांगतात. यॉर्कशायर ना तिचं माहेर, ना सासर! दर्शनी बाजूला देवाचं कोकरू (ख्रिस्ताचं प्रतीक) रेखीव, भोवती निएलो, म्हणजे धातूचं काळं मिश्रण, भरलेलं. नाव मात्र आतून, ओबडधोबड खरवडलेलं. स्वतःच्या बोटासाठी घडवून घेतली असती तर नावही त्याच कारागिराने त्याच हाताने कोरलं असतं. म्हणून तिने ती कुणाला तरी दिली असावी, हे मला पटतं. मग सापडल्याचं ठिकाण राणीचा नव्हे, घेणाऱ्याचा पत्ता सांगतं. लुटीची शक्यताही उरतेच: ८७४ मध्ये डेनांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, तिच्या नवऱ्याला, बर्ग्रेडला, राज्यातून हाकललं, ती ८८८ मध्ये इटलीत, पावियाला वारली. नांगराने थर विस्कटले की थडगं होतं, पुरलेला ठेवा होता की नुसती पडलेली वस्तू, हे अंगठीवरून ओळखता येत नाही.

एथेलस्विथचा भाऊ म्हणजे वेसेक्सचा राजा आल्फ्रेड. त्याच्यासाठी ऑक्सफर्ड गाठायचं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेल्वेने साधारण तास. तिथल्या ॲशमोलियन म्युझियममधला दागिना, 'आल्फ्रेड ज्वेल' जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा. समोरून फक्त स्फटिकाखालची मीनाकारीची आकृती दिसते. अक्षरं कडेला जाळीदार कापलेली आहेत, म्हणून कपाटाला फेरी मारा: 'आल्फ्रेडने मला घडवून घेतलं'. बापाच्या अंगठीवर 'राजा', बहिणीच्या अंगठीत 'राणी'. इथे पदवीच नाही. तरी बहुतेक अभ्यासक राजा आल्फ्रेडच मानतात. कारण १६९३ मध्ये हा दागिना सॉमरसेटमध्ये नॉर्थ पेदरटनला मिळाला, आणि ८७८ मध्ये आल्फ्रेड जिथे दलदलीत लपला व पुढे मठ बांधला, ते ॲथेलनी तिथून काही मैलांवरच. दागिन्याच्या खालच्या टोकाला जनावराचं डोकं आहे, त्याच्या तोंडात नळी. तीत काडी बसवून ग्रंथाच्या ओळींवर फिरवायची, असा तर्क. अशी एकेक मौल्यवान वस्तू आपण प्रत्येक बिशपपीठाला (बिशपच्या मुख्य केंद्राला) ग्रंथासोबत पाठवतोय, असं आल्फ्रेडने लिहून ठेवलंय. पण ॲथेलनीला मठ होता, बिशपपीठ नव्हतं.