सांजफेरी आणि रात्रीची एक भाजी : सांगलीचा उन्हाळा

मंडळी, यंदाच्या उन्हाळ्याची नोंद लिहायला बसलोय. वही भरलीय, अक्षर माझं मलाच लागत नाही, तरी जमेल तेवढं उतरवतो. नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो: सांजफेरी म्हणजे ऊन उतरलं की गावात पायी हिंडायचं, वाटेत भाजी घ्यायची आणि रात्री घरी एकच भाजी, भाकरी, जोडीला कांदा नाहीतर कोशिंबीर. बाहेर काही खायचं नाही, असं आपल्यातल्या कडक मंडळींचं कलम आहे. मी त्यातून उसाचा रस वगळलाय. उसाच्या पट्ट्यात राहून आलं-लिंबू पिळलेला रस नाकारायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही.

यंदा सगळा भर वेळेवर होता. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीला टेकतो. साडेपाचला बाहेर पडलं तर डांबर खालून भाजून काढतं. म्हणजे सहानंतर निघायचं, पावणेआठपर्यंत परतायचं. आणि आई साडेआठला ताटावर बसते. पावणेनऊ झाले की "मला दूध-भाकरी चालेल" असं म्हणते, त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो. तेव्हा मधल्या पाऊण तासात भाजी आणि भाकरी दोन्ही व्हायला हवीत. मला या उन्हाळ्यात पटलेली गोष्ट अशी, की हे गणित उन्हाळी भाज्याच सोडवतात. दोडका, दुधी, घोसाळी, पडवळ या सगळ्यांच्या अंगातच एवढं पाणी असतं की वरून थेंब घालावा लागत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. शेवग्याच्या शेंगा आणि जून गवार मी घरी बसायच्या दिवसावर ढकलल्या.

पाणी न घालता शिजवायचं, तर झाकणावर पाणी ठेवायचं. खोलगट ताटली कढईवर पालथी न घालता सरळ ठेवा आणि तिच्यात वाटीभर पाणी ओता. वरच्या पाण्यामुळे ताटली गार राहते, आतली वाफ तिच्या बुडाला लागून थेंब होते आणि परत भाजीत पडते. भाजी करपत नाही, चवही पातळ होत नाही. ताटलीतलं पाणी कढत झालं की समजायचं, आता एकदा उलथनं फिरवायला हवं. तेच पाणी नंतर भाकरीचं पीठ मळायला घेतो. मीठ सुरुवातीलाच घाला म्हणजे पाणी लवकर सुटतं, पण हात आखडून, कारण दोडका-घोसाळी शिजून निम्मी होतात.

आता फेऱ्यांकडे येतो.

सर्वांत जास्त वेळा पाय वळले ते आयर्विन पुलाकडे. १९२९ सालचा हा दगडी पूल. गाव कृष्णा नदीच्या पूर्वेला, पलीकडे सांगलीवाडी, त्यामुळे पुलावर उभं राहिलं की सूर्य थेट वाडीच्या मागं जातो आणि पाण्यावरून वारा यायला लागतो. मेमध्ये नदी किती भरलेली दिसणार हे कोयना धरणातून पाणी किती सोडलंय त्यावर ठरतं. कधी दोन्ही काठ धरून वाहते, कधी मधले खडक उघडे पडतात. पुलाशी पाण्याची उंची मोजायचे फुटांचे आकडे रंगवलेत. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. भर उन्हाळ्यात, पाणी तळाला असताना त्या आकड्यांकडे मान वर करून बघायची मला सवय लागलीय. बायको म्हणते, "अहो, सुट्टीच्या दिवशी तरी पूर नको."

तिथून घाटावर, गणपतीला हात जोडून हरभट रोडनं परत. वाटेत पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडे दोडकी. दोडका घेताना मी शिरा बघतो. शिर हिरवी आणि धारदार, दाबली तर मोडणारी असेल तर दोडका कोवळा. बोटाला चिवट लागली तर ठेवून द्यायचा. "दादा, सगळी आजच तोडल्यात की, काय चाचपता?" असं ऐकावं लागतं, पण मावशी स्वतःच कोवळी निवडून पिशवीत टाकतात. निघण्याआधी मूठभर मूगडाळ भिजवून ठेवलेली असते. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हळद, मग डाळ, मग दोडक्याच्या फोडी, मीठ, वर ताटली. उतरवताना दाण्याचं कूट. शिरा मात्र टाकायच्या नाहीत. तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात हिरवी मिरची, लसूण, तीळ, मीठ घालून भरड वाटायचं. आमच्याकडे भाजी उरते, ही चटणी उरत नाही.

भाकरीबद्दल दोन शब्द. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, त्यामुळे उन्हाळ्यात नवी ज्वारी हाताशी असते आणि तिची भाकरी हाताखाली नुसती पळते. पीठ मात्र थोडं थोडं दळून आणा. उन्हाळ्यात पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, लवकर जाते, मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. तसं झालंच तर आधणाच्या पाण्यात पीठ मळा. मी दोन्ही हातांनी थापणारा नाही, परातीत एका हातानं थापतो. यंदा भाकरी फुगण्याचं प्रमाण सुधारलंय. आईनं एकदा "बरी झालीय" म्हटलं, ते मी वहीत तारखेसह लिहून ठेवलंय.

एप्रिलमध्ये नदीपेक्षा गल्ल्यांतली फेरी जास्त रंगते. कारण मिरची. वर्षाची चटणी, म्हणजे मिरची-कांद्याचा कोरडा मसाला, करायचे हेच दिवस. गच्चीवर, पत्र्यावर, चारपाईवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. मिरची कांडायच्या डंकाच्या दुकानाबाहेर डबे घेऊन बायकांची रांग, आतून धपधप आवाज, आणि वीस पावलं आधीपासून आपल्याला शिंका. रांगेत उभं राहिलं की शिकायला मिळतं. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणझणीतपणाला लवंगी, हे सगळ्यांना माहीत. वाद प्रमाणावर. कांदा उन्हात कडकडीत वाळवून मग तळायचा की नुसता तळायचा, यावर दोन काकूंचं माझ्यासमोर चांगलंच जुंपलं. मी वाळवण्याच्या बाजूचा. कांद्यात ओल राहिली तर चटणी वर्षभर टिकत नाही, आणि साध्या भाजीला सगळा आधार या चटणीचाच. चमचाभर घातली की दुसरा मसाला काढावा लागत नाही. नव्या चटणीची पहिली परीक्षा मी घोसाळ्यावर घेतली, कारण घोसाळ्याला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. कांदा जास्त घेतला, चटणी, कूट, झालं. पास.

हरिपूरची फेरी लांबची म्हणून रविवारी. गावातून तीनेक किलोमीटर. कृष्णा-वारणेचा संगम, वर संगमेश्वराचं देऊळ, खाली घाटाच्या पायऱ्या. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म इथला, १८५५ चा. आणि सांगलीतच १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा प्रयोग केला, तेव्हा या दोन गावांमधल्या रस्त्यानं चालताना नाटकाचा विषय निघतोच. मला तिथं खरं आकर्षण पेवांचं. हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली कोठारं. इथल्या मातीत हळद म्हणे वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घरोघरी हळदीचा खरा निकष तोच: तेलात पडली की वास उठला पाहिजे. मी हळद नेहमी तेलात, भाजीच्या आधी आणि मंद आचेवर घालतो. पाण्यात पडलेली हळद कच्ची लागते.

हरिपूरहून येताना वांगी. कृष्णाकाठच्या वांग्याचं कौतुक मी नव्यानं काय करणार. नदीच्या गाळाची जमीन, पातळ साल, पांढरट-जांभळे पट्टे, देठाला काटे. त्याचा खरा बहार थंडीतला, उन्हाळ्यात बिया लवकर धरतात. म्हणून लहान आणि हाताला हलकं लागणारं वांगं घ्यायचं. देठ हिरवं आणि ताठ हवं, काटे बोटाला टोचायला हवेत. टोचले नाहीत तर ते वांगं कालचं. भरलं वांगं मी रविवारीच करतो, कारण सारणाची तयारी दुपारी करून ठेवता येते: कूट, तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, चटणी, चिंच, गूळ, कोथिंबीर. वांगी देठासकट चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात. आल्यावर फक्त भरायची आणि तेलावर ठेवायची. इथंही वर पाण्याची ताटली, आत पाणी नाही. उरलेलं सारण वरून सोडून जरासा रस होतो तेवढाच पुरे. लोखंडी कढई मात्र वांग्याला नको, भाजी काळी पडते.

मिरजेची फेरी यंदा नवीन. शहर बसनं जायचं आणि तिथं चालायचं. मीरासाहेबांचा दर्गा, त्याच आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर (ते १९३७ ला गेले), आणि जवळच तंतुवाद्यं करणाऱ्यांची गल्ली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांत वाळलेले भोपळे एकावर एक रचलेले असतात, काही घागरीएवढे. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. पाण्यात भिजवून मऊ करायचे, मग कापून आतला गर आणि बिया काढायच्या. एका कारागिरानं कापलेल्या भोपळ्याची कड माझ्या हातात दिली. साल बोटाच्या पेराएवढी जाड, आणि टिचकी मारली तर नाद. हा दुधीच्याच जातकुळीतला, पण कडू. कडू असल्यामुळे कीड लागत नाही.

येताना अर्थातच दुधी घेतला. आणि इथं एक गोष्ट ठासून सांगतो: दुधी चिरल्यावर एक चकती कच्ची जिभेला लावून बघाच. कडू लागली तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेका. कडू भाग काढून बाकीचा शिजवू नका, दुसरा गोड दुधी मिसळू नका. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवूनही जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलीत. गोड निघाला की हरभऱ्याची डाळ (ही मूगडाळीपेक्षा जास्त वेळ, दोन तास तरी भिजवा), जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, शेवटी खोवलेलं ओलं खोबरं. चटणी यात नको. दुधीला तिखटात बुडवणारे लोक मला समजत नाहीत.

सांगलीतल्या आमराई बागेच्या फेऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सावली चांगली, चालायला वाट आहे, गर्दी असते. पोरं असतील तर तिथंच जा. त्या दिवशी भाजी भेंडीची, आणि भेंडीवर झाकण नाही, पाण्याची ताटली तर नाहीच नाही. धुऊन, पूर्ण पुसून चिरायची, मोठ्या आचेवर उघडी परतायची, मीठ शेवटी.

वळवाच्या दोन-तीन सरींनी मेअखेरीस फेऱ्या बुडवल्या. त्या संध्याकाळी कैरी घातलेली तुरीची आमटी आणि कांद्याचा झुणका, घरातल्या घरात. जूनमध्ये पालेभाज्यांना माती फार येते, त्यामुळे तांदळी-पोकळा मी आत्ताच करून घेतोय.

राहिलं ते पडवळ. सांगलीत मला मनासारखं मिळालं नाही. मिळालं ते हातभर लांब आणि आत लाल बिया धरलेलं. पांढरट, लवदार, बोटानं दाबलं तर खळगा पडणारं पडवळ मिरजेच्या नाहीतर कुपवाडच्या बाजारात कुणी आणत असेल, तर वार आणि वेळ कळवा. आईला डाळ घातलेली पडवळाची भाजी हवीय, आणि तिनं ती आता चौथ्यांदा मागितलीय.