कोरियातली थोरली सून आणि माझा प्रबंध

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी प्रश्न निवडला: म्हाताऱ्या आई-वडिलांना कुणी सांभाळायचं? कारण घरातच होतं. आजीची शेवटची सहा वर्षं अंथरुणात गेली आणि ती सगळी आईने निभावली. आई थोरली सून. हे तिनेच करायचं असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, तिला विचारलंही नव्हतं. मला असा समाज हवा होता जिथे हा प्रश्न माणसांना खरोखर विचारला गेलाय, तोही एकदा नाही, वर्षानुवर्षं. शोधता शोधता मी दक्षिण कोरियापर्यंत पोहोचले.

तिथे दोन मोठी सर्वेक्षणं हाती लागली. एक सरकारी, कोरियाच्या सांख्यिकी खात्याचं, १९७७ पासून चालत आलेलं. त्यात कुटुंब, आरोग्य, शिक्षण असे विषय एका वर्षी आणि उत्पन्न, काम, फुरसत वगैरे दुसऱ्या वर्षी, अशी पाळी असते. म्हणून आई-वडिलांचा प्रश्न दर दोन वर्षांनी परत येतो. दुसरं ‘कोरियन जनरल सोशल सर्व्हे’, म्हणजे केजीएसएस. सोलमधलं सुंगक्युनक्वान विद्यापीठ ते २००३ पासून करतंय. आधी दरवर्षी, २०१४ नंतर अंतर ठेवून. शिकागोत १९७२ पासून चाललेल्या अमेरिकन सर्वेक्षणाच्या धर्तीवर ते उभं राहिलं. देशभरातून घरं निवडायची, प्रत्येक घरातल्या १८ वर्षांवरच्या एकाच माणसाला घ्यायचं आणि समोर बसून विचारायचं. हे विद्यापीठ आपली परंपरा १३९८ साली स्थापन झालेल्या कन्फ्यूशियन विद्यापीठाशी जोडतं. जिथे शतकानुशतकं पितृभक्ती शिकवली गेली, तिथलेच अभ्यासक आज लोकांना विचारतात, ‘कुठल्याही परिस्थितीत वडिलांचा अधिकार मानलाच पाहिजे का?’ हे वाचलं त्या दिवशी विषय पक्का झाला.

केजीएसएसच्या उत्तरांची फाइल मिळवणं सोपं गेलं. पूर्व आशियातल्या चार समाजांनी (कोरिया, जपान, चीन आणि तैवान) २००६ मध्ये कुटुंबाविषयी एकच प्रश्नावली वापरली होती. त्याची उत्तरं मिशिगन विद्यापीठाच्या आयसीपीएसआर या सामाजिक सर्वेक्षणांच्या संग्रहात आहेत. नाव नोंदवलं, अटी वाचल्या, मान्य केल्या, फाइल उतरवली. कोरियाचे १,६०५ प्रतिसादक. मला वाटलं, अर्धं काम झालं.

मग चूक झाली, आणि ती मला सांगायचीच आहे. ‘वंश चालण्यासाठी निदान एक मुलगा हवाच’ या विधानाची वयोगटांनुसार सरासरी काढली. तक्त्यात तरुणांचा आकडा म्हाताऱ्यांपेक्षा मोठा आला. म्हणजे तरुण अधिक परंपरावादी! दोन आठवडे मी त्यावर पानं लिहीत होते, मोठं काही सापडल्यासारखं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तक्ता पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, “प्रश्नावली उघड.” उत्तराला सात पायऱ्या होत्या. १ म्हणजे ‘पूर्ण सहमत’, ७ म्हणजे ‘पूर्ण असहमत’. मोठा आकडा म्हणजे नकार. शिवाय उत्तर न दिलेल्यांसाठी ठेवलेले सांकेतिक आकडेही मी सरासरीत मिसळून टाकले होते. सगळं पुसून पुन्हा केलं, तेव्हा नीट दिसलं: वय वाढतं तशी सहमती वाढते. त्या दिवसापासून प्रश्न वाचल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही, हे मी पाळत आले.

वयाचंही असंच. कोरियात जन्मताच बाळ एक वर्षाचं धरायचं आणि दर १ जानेवारीला एक वर्ष वाढवायचं, अशी जुनी रीत. कायद्याने आणि सरकारी कामात सरसकट जागतिक पद्धत आली ती २८ जून २०२३ पासून. मी वयाऐवजी जन्मवर्षावरून पिढ्या पाडल्या, म्हणजे घोळच नको. घरात एकालाच विचारतात म्हणून मोठ्या कुटुंबातल्या माणसाला निवडलं जाण्याची संधी कमी असते. ती तफावत भरून काढायला भारांक वापरावे लागतात. हे शिकायला एक महिना गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खरं अडले ते शब्दापाशी. सरकारी प्रश्नावलीत ‘बुयांग’ असा शब्द आहे. चिनी लिपीतल्या मुळाप्रमाणे त्याची दोन अंगं होतात: आधार देणं आणि पोसणं. इंग्रजी तर्जुम्यात तो नुसता आर्थिक मदतीसारखा वाटत होता. मी बरेच दिवस ‘उदरनिर्वाह’, ‘देखभाल’, ‘पालनपोषण’ असे शब्द घालून पाहत होते. शेवटी एका संध्याकाळी आई फोनवर मावशीला सांगत होती, “त्यांना सांभाळायला कुणी नाही गं,” आणि माझा शब्द मिळाला. सांभाळणं. पैसेही त्यात आले, रात्री उठून पाणी देणंही आलं.

आता सरकारी सर्वेक्षणाचे आकडे. २००२ मध्ये ७०.७ टक्के लोक म्हणाले, आई-वडिलांना कुटुंबाने सांभाळावं. २०१८ मध्ये तसं म्हणणारे उरले २६.७ टक्के. हा उतार सांगून ‘कोरियन मुलांनी आई-वडिलांकडे पाठ फिरवली’ असं म्हणणं फार सोपं आहे, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात मीही ते म्हटलं होतं. पण पर्यायांची यादी पुन्हा वाचली. त्यात ‘कुटुंब, सरकार आणि समाज मिळून’ असाही पर्याय होता. तो २००२ मध्ये १८.२ टक्क्यांनी निवडला होता, २०१८ मध्ये ४८.३ टक्क्यांनी. दोन्ही उत्तरांत कुटुंब आहेच. बेरीज केली तर २०१८ मध्येही चारांतले तीन जण कुटुंबाला बाहेर काढत नाहीत. ते फक्त म्हणतायत की हे ओझं त्याने एकट्याने उचलू नये. ‘आई-वडिलांनी स्वतःचं स्वतः पाहावं’ म्हणणारे १९.४ टक्के होते, तेही विसरून चालणार नाही. त्यांतले कितीतरी स्वतः वृद्धच असतील असं मला वाटतं.

मधल्या काळात देशही बदलत होता. कुटुंबप्रमुख पुरुषच मानणारी जुनी नोंदपद्धत घटनात्मक न्यायालयाने २००५ मध्ये संविधानाशी विसंगत ठरवली आणि ती १ जानेवारी २००८ पासून संपली. त्याच वर्षी जुलैत वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला. ‘एक मुलगा हवाच का’ असं २००६ मध्ये विचारलं गेलं ते नेमकं या दोन्हींच्या उंबरठ्यावर.

‘कुटुंबाने’ म्हणणाऱ्यांना पुढे विचारतात, कुटुंबात कुणी? तिथे थोरला मुलगा आणि थोरली सून एकाच पर्यायात आहेत. २०१८ मध्ये बहुतेकांनी ‘सगळ्या मुलांनी’ निवडलं. थोरल्यांवर टाकणारे थोडेच निघाले. त्या ओळीपाशी मी खूप वेळ थांबले. सुनेचं नाव सरकारी प्रश्नावलीत छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री आईला सगळा प्रश्न मराठीत वाचून दाखवला, एकेक पर्याय. तिने दोनदा वाचायला लावला.

“सगळ्यांनी मिळून, सरकारसकट. तेच लिही,” ती म्हणाली आणि भांडी आवरायला गेली. थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, “पण मला कुणी विचारलं असतं ना, तरी मी आजींना ठेवलंच असतं. ते लिहायला जागा आहे का तुझ्या कागदात?”

जागा नव्हती. ‘कुणी करावं’ एवढंच त्या प्रश्नात विचारलेलं आहे. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेत मॅडमनी मर्यादांबद्दल विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं, आईच्या शब्दांत.