कुणालाच न पाठवलेला फोटो

संक्रांतीच्या आदल्या रात्री आजीची चंद्रकळा खांद्यावर टाकून मी आरशासमोर एक फोटो काढला होता. हात हलला, फोटो नीट आला नाही, कुणाला पाठवला नाही. जूनमध्ये तोच फोटो माझ्या नावाच्या एका अकाउंटवर दिसला. ते अकाउंट माझं नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. अकाउंट मला दाखवलं एका विद्यार्थिनीच्या आईने. घरी आली, आधी दार लावून घेतलं, मग फोन पुढे केला. वर चंद्रकळेतला फोटो. खाली माझा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगाला जोडलेली चार चित्रं. आणि माझा मोबाईल नंबर, एका रात्रीच्या दरासकट. दोन दिवस अनोळखी पुरुषांचे फोन का येत होते ते तेव्हा कळलं.

त्या रात्री आम्ही जे केलं ते बहुतेक घरं करतात. नवरा, दीर, नणंद, भाचे, सगळ्यांनी मिळून ते अकाउंट 'रिपोर्ट' केलं. पहाटेपर्यंत ते गेलं आणि मी दोन दिवसांनी पहिल्यांदा झोपले. सकाळी पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा हातात दोन स्क्रीनशॉट होते. त्यात अकाउंटचा पत्ता कापला गेला होता, तारीख नव्हती. नंबर दिसत होता तो माझाच.

"ताई, पण अकाउंट आहे कुठे?" ठाणे अंमलदारांनी विचारलं. ते वाईट वागले नाहीत, पण मला उत्तर देता येईना. त्यांनी तक्रार अर्ज लिहून घेतला, प्रतीवर शिक्का मारून दिला. मला वाटलं, झाला गुन्हा दाखल. शिक्का मारलेला अर्ज आणि एफआयआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एफआयआरला गुन्हा नंबर असतो, त्यात कलमं असतात आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. तो नंबर नसेल तर तपास सुरूच झालेला नाही, असंच समजायचं.

1930 वर फोन केला. तो नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. आमच्यासारख्यांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांच्या विभागात तक्रार नोंदवायची. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे तिचं काय झालं हे बघता येत नाही. मी नाव देऊन केली.

नऊ दिवसांनी दुसरं अकाउंट उघडलं गेलं. तीच चित्रं, तोच नंबर, नावात फक्त एक अक्षर जास्त.

या वेळी मी 'रिपोर्ट'ला हात लावला नाही. मधल्या दिवसांत मावसबहिणीने मला तालुका न्यायालयाच्या इमारतीतल्या विधी सेवा समितीत नेलं होतं. 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो. चाळिशी ओलांडली तरी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. (15100 वर फोन केला तरी ते आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयाचा रस्ता दाखवतात.) मला ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "परत आलं तर रडा, ओरडा, पण काढायला लावू नका. आधी जप्त करायचं, मग पुसायचं."

जप्त करायचं म्हणजे काय, ते त्यांनी शेजारी बसून करून घेतलं. मोबाईलवर नाही, संगणकावर, ब्राउझरमध्ये. पडद्याचं रेकॉर्डिंग सुरू करून आधी घड्याळ आणि तारीख दाखवायची, मग अकाउंटचा पूर्ण पत्ता, मग एकेक चित्र उघडून त्याचा स्वतंत्र पत्ता, मग खालच्या प्रतिक्रिया, मग फॉलोअरची यादी. नाव कधीही बदलता येतं, म्हणून नुसतं नाव लिहून ठेवण्यावर भागत नाही. आलेल्या फोनांची यादी वेगळी काढली. स्वतःची तसली चित्रं स्वतःच्या हाताने जपून ठेवायची, हे त्या दोन तासांतलं सगळ्यात अवघड काम होतं. शेवटी मी पडद्याकडे न बघता नुसती माउस हलवत होते.

त्या फाईलला कोर्टात किंमत यावी म्हणून प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्यातल्या कलमावरून 65 बी म्हणून ओळखलं जायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. दोन भाग असतात: एक फाईल सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाईलचा हॅश लिहायचा, म्हणजे तिचा आकड्या-अक्षरांचा ठसा. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हे प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पक्कं केलं, हे वकीलबाईंनी मला सांगितलं. त्या खटल्यात उमेदवारी अर्जांच्या व्हिडिओंचा प्रश्न होता. माझ्या घरच्या आरशातल्या फोटोला तोच नियम लागू होणार होता.

फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मग ठाण्यात. या वेळी अर्जाचा विषयच मुळी 'दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद' असा होता, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची. माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, आणि आमच्याकडचे पीआय साहेब पालखीच्या बंदोबस्तावर. चार दिवस थांबायला सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, तपास पीआय करतील, पण गुन्हा नोंदवायला कशाला थांबायचं? दखलपात्र गुन्हा कळला की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. तरी नाही म्हणाले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. आमचा अधीक्षकांचा अर्ज टाइप होऊन तयार होता. द्यावा लागला नाही. त्याच संध्याकाळी महिला हवालदारांनी माझा जबाब लिहून घेतला, आणि रात्री साडेनऊला एफआयआरची प्रत हातात पडली.

कलमांवरून थोडी चर्चा झाली. एकाने आयटी कायद्याचं 66 ए सुचवलं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 लाच रद्द केलंय, आणि त्या याचिकेला निमित्त झाली ती 2012 ची आपल्या पालघरची घटना: फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन मुलींना झालेली अटक. रद्द झालेल्या कलमावर उभी राहिलेली फिर्याद कोसळते, म्हणून हे तिथल्या तिथे बोलणं गरजेचं होतं. शेवटी लागलं ते असं: दुसऱ्याची ओळख चोरून वापरल्याबद्दल आयटी कायद्याचं 66 सी, अश्लील मजकुरासाठी त्याचंच 67, आणि भारतीय न्याय संहितेचं 79, स्त्रीच्या विनयाच्या अपमानाचं. बदनामीचं 356 कलम अदखलपात्र, त्याची खासगी फिर्याद वेगळी करावी लागते. ती आम्ही बाजूला ठेवली.

आता काढून टाकण्याचं काम. ॲपवरचं बटण दाबणं वेगळं आणि कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करणं वेगळं. 2021 च्या आयटी नियमांनुसार दुसऱ्याच्या नावाचं अकाउंट किंवा जोडतोड केलेलं नग्न चित्र असेल, आणि जिचं आहे तिने स्वतः किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली, तर तेव्हा 24 तासांची मुदत होती. मी एफआयआर नंबर आणि प्रत्येक चित्राचा पत्ता जोडला. अकाउंट एकोणीस तासांत गेलं. गेलं नसतं तर पुढे केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं. चित्रं पुन्हा वर येऊ नयेत म्हणून 'स्टॉप एनसीआयआय' या संकेतस्थळावर त्यांचे ठसे दिले. चित्र आपल्या यंत्रातून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि त्यात सामील झालेल्या ॲपवर तो ठसा जुळला की चित्र अडवलं जातं. पहिल्या रात्री मी ती चित्रं पुसून टाकली होती. या वेळीही तसंच केलं असतं तर ठसा कशाचा देणार होते?

पीआय साहेब परत आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, यातला असा कुठला फोटो आहे का, जो तुम्ही कधीच कुठे टाकला नाही?"

चंद्रकळेचा. मार्चमध्ये फोनची काच फुटली होती. ज्या दुकानात दिला तिथल्या मुलाने म्हटलं होतं, "वहिनी, पासवर्ड लिहून ठेवा, टच चेक करावा लागतो." मी चिठ्ठीवर लिहून दिला. फोन दोन दिवस तिथे होता.

पोलिसांनी कंपनीला पत्र पाठवलं, उत्तर यायला पाच आठवडे लागले. अकाउंटला जोडलेला नंबर त्याच दुकानापर्यंत गेला. दुकानाचा लॅपटॉप आणि त्या मुलाचा मोबाईल पंचनामा करून जप्त झाला, माझाही फोन तपासणीला गेला. परवानगीशिवाय डेटा उतरवून घेतल्याचं 66 कलम वाढलं.

मला वाटत होतं आता त्याला अटक होईल. झाली नाही. ही कलमं तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, जामीनपात्र. हजर राहण्याची नोटीस मिळाली आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानात बसलेला दिसला. माझा बाजाराचा रस्ता तिथूनच जातो. एक महिना मी लांबून वळसा घातला, मग वळसा घालायचं थांबवलं. त्याने हे का केलं ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्यावरचे आरोप कोर्टात सिद्ध व्हायचेत, म्हणून त्याच्याविषयी इथे याहून जास्त लिहीत नाही.

नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं असतं. मी त्या तारखेला लेखी विचारलं, लेखी उत्तर आलं. नंतर दोषारोपपत्रही गेलं. शिक्षा झाली तरी माझं बुडालेलं मला त्यातून फारसं मिळणार नाही. बावीसपैकी नऊ मुलांनी शिकवणी सोडली, चार परत आली. त्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते: आयटी कायद्याचं कलम 43 आणि 46. राज्याचे आयटी सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात; डेटा चोरीची भरपाई मागायला त्यांच्यापुढे, म्हणजे मंत्रालयात, अर्ज करता येतो. पाच कोटींपर्यंतच्या मागण्या तिथे चालतात. आम्ही तो अर्ज त्या मुलाविरुद्ध आणि दुकानमालकाविरुद्धही केलाय.

पहिल्या अकाउंटचा पुरावा मात्र आमच्याच हाताने गेला होता, आणि खटल्यात तेच भोक राहणार होतं. ते बुजवलं त्या विद्यार्थिनीच्या आईने. तिला ते अकाउंट कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. तो मेसेज, त्यातला पूर्ण पत्ता आणि तारीख तिच्या फोनमध्ये तशीच होती. ती आपणहून ठाण्यात आली, फोन पुढे केला, जबाब दिला. घरून विरोध होता, हे मला नंतर कळलं. मुलीला तिने शिकवणीतून काढलं नाही.

पुढच्या तारखेला तिची साक्ष आहे. सकाळी सातच्या एसटीने दोघी बरोबरच निघणार आहोत.