कडीतली चिठ्ठी

आज रथसप्तमी. साडेअकराला ऑफिसची मीटिंग संपल्यावर मी मोबाईल हातात घेतला, तेव्हा सोसायटीच्या ॲपची सूचना दिसली : पाहुणे गेटवर थांबले आहेत, आत सोडायचे का? १०.५० ला आलेली, नंतर आणखी दोनदा. फोनचा आवाज मीच बंद केला होता. धावत खाली गेले, तर तात्या निघून गेले होते. वॉचमनने एक कापडी पिशवी हातात दिली. आत तिळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा होता आणि झाकणावर रबरबँडने अडकवलेला, रोज फाडायच्या कॅलेंडरचा एक कागद. मागच्या कोऱ्या बाजूवर तात्यांचे तेच उभट अक्षर : '१०.५० ला आलो. ११.१५ ला निघालो. वड्या मऊ आहेत.'

पंचवीस मिनिटे. वॉचमनने खुर्ची दिली होती, पण ते बसले नाहीत म्हणे.

नारायण पेठेतल्या वाड्यात अशा किती चिठ्ठ्या आम्ही दाराच्या कडीतून काढल्या असतील. कुणी येऊन गेले, तर कुलपाच्या वर, कडीत घडी करून खोचलेला कागद असायचा. बसच्या तिकिटामागेसुद्धा लोक दोन ओळी लिहून जात. आधी कळवून येण्याची सोयच नव्हती. १५ पैशांचे कार्ड टाकले, तरी ते पोहोचेपर्यंत एक-दोन दिवस जात, आणि टेलिफोन अख्ख्या वाड्यात एकाच घरी, कारण नंबर लावल्यावर तो मिळायला वर्षानुवर्षे लागत. मग निरोप पोहोचवण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे स्वतः चालत जाणे. तात्या दर संक्रांतीला असेच यायचे. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरतानाच त्यांची हाक यायची, आणि आई ती ऐकून चहाचे आधण वाढवायची.

पण त्या चिठ्ठ्या कुलूप असलेल्या दारावर असत. आज दाराला कुलूप नव्हते. मी घरातच होते, हे मनातून जात नाही.

तात्यांना फोन वापरता येत नाही असेही नाही. मंडईहून मेट्रोने, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलून, ते एकटे वनाजला येतात आणि तिकीट मोबाईलवरच काढतात. त्यांनी गेटवरून मला फोन केला नाही, कारण सणाला आपल्या माणसाकडे जाताना आत येऊ का असे विचारायचे असते, हे त्यांच्या मनातच आले नसणार. संध्याकाळी मी फोन केला. ते म्हणाले, "अगं, कामात असशील. पुढच्या वेळी फोन करून येईन." रागाने बोलले असते तर बरे वाटले असते. एवढी वर्षे जे शिकले नाहीत, ते आज माझ्या गेटवर उभे राहून शिकले.

"छे, तुम्ही कधीही या," मी म्हटले. म्हणतानाच जाणवले की १०.५० ला बेल वाजली असती, तर दार उघडताना माझ्या कपाळावर आठी आली असती, आणि तात्यांना ती दिसली असती.

वाडा आठवताना मी आईला नेहमी चहाचे आधण वाढवताना पाहते, पण त्याच पातेल्यात ती दुधाऐवजी पाणी वाढवत असे, तेही मी पाहिले आहे. तिच्या डोक्याला बाम लावलेला असताना माणसे येत, बाबांशी बोलणे तुटलेले असताना येत, आणि तिला हसून पाट मांडावा लागे. दोन खोल्यांत तिला दार लावून रडायलासुद्धा जागा नव्हती. ते शेवटचे वर्ष तर... असो. तिला माझ्यासारखे गेट मिळाले असते, तर तिने ते कधीतरी बंद ठेवलेच असते, आणि मी तिला दोष दिला नसता. एवढे लिहिल्यावर आता जरा शांत वाटते आहे. दुपारी मात्र मी स्वतःला फार बोलले.

वड्या खरोखरच मऊ आहेत. चार खाल्ल्या. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. घरात रवा आहे, नारळ आहे, शनिवारी सकाळी लाडू वळून होतील. मंडईपर्यंत जायला अर्धा तास पुरतो. तात्या दुपारी झोपतात, म्हणून चारनंतर जायचे. फोन करून जावे की तसेच जावे, हे मात्र अजून ठरलेले नाही.