एनआयचा शेवटचा दिवस

मुंबईत व्हीटी ते भायखळा आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल १९२८ मध्येच लागले होते. आमच्या जंक्शनवर मी स्टेशन मास्तर म्हणून आलो तेव्हा मात्र अजून हात वर-खाली होणारे सिग्नलचे जुने खांब उभे होते आणि केबिनमध्ये लिव्हरची रांग. आधी सांधा, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसरीवर नेणारे हलते रूळ, बसवायचा, मग त्याचा लॉक, मग स्टेशनात घेणारा होम सिग्नल. क्रम चुकला की लिव्हर जागचा हलत नसे, मग ओढणारा पैलवान का असेना. खालच्या लोखंडी पट्ट्या एकमेकींना अडवून धरायच्या. हेच इंटरलॉकिंग.

हे सगळं काढून संगणकावरचं इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग बसवायचं ठरलं. जुनं बंद आणि नवं अजून सुरू नाही, त्या मधल्या काळाला आम्ही एनआय म्हणतो, म्हणजे नॉन-इंटरलॉकिंग. सांध्यांना क्लॅम्प आणि कुलूप, यार्डाच्या टोकांना फोन असलेल्या गुमट्या, ड्रायव्हरच्या हातात लेखी परवाना, सांध्यांवरून गाडी ताशी १५ किलोमीटरनं. चुकीला अडवायला लोखंड नाही. भिस्त प्रायव्हेट नंबरवर, म्हणजे काम झाल्याची खूण म्हणून फोनवर द्यायच्या गुप्त आकड्यावर, आणि माणसांवर.

शेवटच्या दिवशी पहाटे गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा तगादा सुरू झाला, एक्स्प्रेस बाहेर उभी आहे, घ्या. गुमटीवरून सांधेवाल्यानं नंबर दिला. मी परवाना लिहायला घेतला तर दुसऱ्या फोनवर आमचे निवृत्तीला आलेले केबिनमन. "मास्तर, कुलूप लागलं असेल, पण त्याच सांध्याला का? बघून येतो मी." कंट्रोलर माझ्यावर उखडला. केबिनमन बॅटरी घेऊन खडीतून निघाले ते निघालेच. सांधा बरोबर होता. माझी ना नव्हती. त्या दिवशी अडून बसणारं कुणीतरी हवंच होतं.

दुपारी नवी यंत्रणा सुरू झाली. पहिल्या गाडीसाठी मी माउसनं मार्ग मागितला. लागेना. तीन नंबरची लाइन पडद्यावर लाल, खिडकीतून पाहावं तर रुळांवर चिटपाखरू नाही.

लाइनवर गाडी आहे की नाही हे ट्रॅक सर्किट सांगतं. त्याचं तंत्र साधं आहे. रुळांच्या तुकड्याला एका टोकाकडून कमी दाबाची वीज, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेनं उचलला जाणारा स्विच. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेपर्यंत वीज पोचत नाही, तो पडतो आणि पडद्यावर लाल. वीज गेली तरी लालच. शंका आली की गाडी आहे असंच धरायचं.

सिग्नलवाले रिलेरूममध्ये घाम गाळत होते. सापडलं ते एका ट्रॅकमनला. खांब पाडताना कापलेली जुन्या होम सिग्नलची लिव्हरकडून येणारी ओढतार ताण सुटून वेटोळी झाली होती आणि दोन्ही रुळांना टेकून पडली होती. त्यानं ती उचलली, लाल गेला, मार्ग लागला, होमला पिवळा आला.

आता उशीर कोणाच्या खात्यावर? इंजिनीअरिंग म्हणे तार सिग्नलची. सिग्नल म्हणे रूळ तुमचे, तुम्ही बघायचं. पुरावा म्हणून तार मी ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवली. बघायला दोन्हीकडचे येऊन गेले, न्यायला कोणी तयार नव्हतं.